व्हॅक्यूम पॅकमधलं कच्चं मटण-चिकन चांगलंय का गेलंय, शिजवायच्या आधी कसं ठरवायचं

व्हॅक्यूम पॅक फोडल्या फोडल्या जो भपकारा येतो ना, त्यावरून लोक दोन टोकांना जातात. एक जण लगेच नाक धरतो आणि चांगलं भलं मटण कचऱ्यात टाकतो, आणि दुसरा "व्हॅक्यूमचं आहे, त्याला काय होतंय" म्हणत तारीख उलटून गेलेलं पण गॅसवर चढवतो. माझं म्हणणं असं आहे की व्हॅक्यूम पॅकच्या बाबतीत पहिल्या वासावर निकाल लावूच नका, अर्ध्या तासानंतरच्या दुसऱ्या वासावर लावा, आणि या दोन्ही वासांच्या आधी ते पॅकेट किती दिवस, कुठे आणि किती थंड राहिलंय ते बघा. नाक तिसऱ्या नंबरवर येतं. आता कुठलं आधी बघायचं, कुठलं नंतर, ते सविस्तर सांगतो.

आत नेमकं काय चालू असतं

हे थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं पाठांतर होईल. उघड्या मटणावर जे जंतू सगळ्यात आधी माजतात, स्यूडोमोनास वगैरे, त्यांना हवा लागते. पॅकेटमधली हवा खेचून घेतली की त्यांचं काही चालत नाही. पण म्हणून आत सगळं शांत आहे असं समजू नका, ज्यांना हवेवाचून चालतं ते हळूहळू वाढतच असतात, मुख्यतः लॅक्टिक अ‍ॅसिड बनवणारे बॅक्टेरिया, म्हणजे दही लावणाऱ्यांच्याच खानदानातले. ते मांसातली थोडीफार साखर खातात, आम्ल सोडतात, आणि ते आम्ल अधिक थंडी मिळून बाकीच्या नासवणाऱ्या जंतूंना बरेच दिवस दाबून ठेवतात. म्हणूनच शून्य डिग्रीच्या आसपास ठेवलेला बीफचा मोठा अख्खा तुकडा व्हॅक्यूममध्ये कित्येक आठवडे टिकतो आणि तोच उघडा ठेवला तर काही दिवसांत जातो.

यातली गंमत म्हणजे उघड्या मटणावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ कोटी जंतू झाले की वास मारायला लागतो आणि १० कोटींच्या आसपास बुळबुळीत थर हाताला लागतो, पण व्हॅक्यूममध्ये लॅक्टिकवाल्यांची संख्या तेवढी झाली तरी मटण बऱ्याचदा ठीक असतं, जरा आंबूस वास सोडला तर काही नाही. म्हणजे आंबूस वास हा तिथे हजर असलेल्या सौम्य मंडळींचा वास आहे, लगेच घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं कधी, तर ही मंडळी सोडून दुसरीच कोणीतरी आत घुसली असेल तेव्हा. सगळी तपासणी त्यासाठीच आहे.

पॅकेट हातात घ्या, लगेच फोडू नका

पहिलं लेबल वाचा. "यूज बाय" आणि "बेस्ट बिफोर" यात फरक आहे, यूज बाय ही सुरक्षेची तारीख असते आणि ती उलटली की वास कितीही छान असो, विषय संपला. बेस्ट बिफोर ही चवीची, दर्जाची तारीख असते. कच्च्या थंड मांसावर बहुतेक वेळा यूज बाय असते. आणि ही तारीख लेबलवर लिहिलेल्या तापमानासाठी असते हे लोक विसरतात. लेबल म्हणतं ४ डिग्रीच्या खाली ठेवा आणि तुमचा फ्रीज ८-९ वर चालतोय, तर ती तारीख तुमच्यासाठी नाहीच, तुमची तारीख तिच्या बरीच आधी येऊन गेली. फ्रीजच्या दारावरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा एक साधा स्वस्त थर्मामीटर आणून एक रात्र मधल्या कप्प्यात ठेवून बघा. फ्रीज सारखा उघडबंद होत असेल, ठासून भरला असेल तर आतलं तापमान बऱ्याचदा वाटतं त्यापेक्षा जास्त निघतं. आणि मटण दाराच्या कप्प्यात ठेवूच नये, सगळ्यात खाली मागच्या बाजूला ठेवा, म्हणजे थंडही राहील आणि गळलं तरी दुसऱ्या पदार्थांवर गळणार नाही.

मग आठवा, दुकानातून घरी यायला किती वेळ लागला, मध्ये गाडीत राहिलं का, लाइट गेली होती का. कच्चं मांस ४ ते ६० डिग्रीच्या मधल्या पट्ट्यात एकूण २ तासांपेक्षा जास्त राहू नये आणि बाहेर ३२ डिग्रीच्या वर ऊन असेल तर १ तासच. हे खाद्य सुरक्षेचं सरळ गणित आहे, व्हॅक्यूम असलं म्हणून यात सूट मिळत नाही. उलट व्हॅक्यूमवाल्यात रंग बदलत नाही, वास बाहेर येत नाही, त्यामुळे तापलेलं पॅकेट बाहेरून अगदी चांगलंच दिसतं. रात्रभर ओट्यावर राहिलेलं पॅकेट असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, टाका.

आता पॅकेट दाबून बघा. प्लास्टिक मांसाला घट्ट चिकटलेलं असेल तर सील शाबूत आहे. ढिलं झालं असेल तर दोन शक्यता आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

एक म्हणजे पॅकेट गळकं आहे. हाडाचं टोक टोचून किंवा सील नीट न लागल्यामुळे बारीक भोक पडलं आणि हवा आत गेली. असं पॅकेट सैल असतं, दाबलं तर हवा इकडेतिकडे सरकते, फुगून ताठ होत नाही, बाहेर चिकट ओल असते, आणि हवा लागलेल्या जागी मांसाचा रंग लाल किंवा तपकिरी झालेला दिसतो. याचा अर्थ मांस लगेच खराब आहे असं नाही, पण आता ते व्हॅक्यूमचं राहिलेलं नाही, साधं उघडं मटण म्हणून त्याच्याकडे बघायचं आणि लेबलवरची लांबची तारीख विसरून जायची. दुकानातून आणतानाच असं दिसलं तर घेऊच नका. घरी दिसलं आणि कधीपासून गळतंय ते माहीत नाही, तर मी तरी ते शिजवणार नाही.

दुसरं म्हणजे पॅकेट फुगलंय, फुग्यासारखं ताठ. आत गॅस तयार झालाय, म्हणजे आत कोणीतरी जोरात कामाला लागलंय. क्लॉस्ट्रिडियम एस्टरथेटिकम नावाचा एक जंतू तर शून्याच्या आसपाससुद्धा वाढतो, हवा नसतानाच वाढतो, आणि नीट थंड ठेवलेलं बीफ किंवा मेंढीचं मटणसुद्धा फुगवून टाकतो. त्यामुळे "फ्रीज तर चांगला आहे, मग कसं खराब होईल" हा वाद इथे घालू नका. फुगलेलं पॅकेट फोडून वास घेऊन बघायचं नाही, तसंच अजून एका पिशवीत घालून बंद करून टाकायचं. घरात फोडलंत तर तो वास किती वेळ जाणार नाही ते विचारू नका.

एक खुलासा इथेच करतो. काही चिकन-मटण ट्रेमध्ये असतं आणि वर प्लास्टिकचा पडदा टम्म असतो, त्याला लोक फुगलेलं समजतात. ते व्हॅक्यूम पॅक नसतंच, त्यात मुद्दाम गॅस भरलेला असतो, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड वगैरे. त्यात थोडी हवा असणं साहजिक आहे. पण तिथेही पडदा घुमटासारखा वर आलेला असेल आणि शेजारची बाकीची ट्रे सपाट असतील तर तो घेऊ नका.

पॅकेटमध्ये जे लाल पाणी साचतं ते रक्त नाही, ते मांसातलंच पाणी आणि त्यात विरघळलेलं मायोग्लोबिन, म्हणजे मांसाला रंग देणारं प्रथिन. थोडं असणारच, बरेच दिवसांचं किंवा फ्रीझ करून डिफ्रॉस्ट केलेलं असेल तर जास्त असणार. ते पातळ आणि पारदर्शक लालसर असेल तर ठीक. दुधट, गढूळ, दाट किंवा तार धरणारं झालं असेल, बुडबुडे दिसत असतील, तर संशय पक्का धरा.

रंगाला घाबरू नका, पण त्याच्यावर भरवसाही ठेवू नका

व्हॅक्यूममधलं बीफ किंवा मटण जांभळट, काळपट, जवळजवळ वांग्याच्या रंगाकडे झुकणारं दिसतं आणि पहिल्यांदा घेणारा हबकतोच. हा मायोग्लोबिनचा खेळ आहे. ऑक्सिजन नसला की ते जांभळट, ऑक्सिजन मिळाला की चेरीसारखं लाल, आणि जास्त काळ अर्धवट हवेत राहिलं की तपकिरी. पॅकेट फोडून हवेवर ठेवलं की १५ ते ३० मिनिटांत जांभळा रंग लालीकडे येतो, आणि तो आला म्हणजे मायोग्लोबिन अजून धड आहे एवढं कळतं. तपकिरी राहिलं तर मांस जुनं असू शकतं, नासलेलंच असेल असं काही नाही. दोन तुकडे एकमेकांना चिकटलेले असतील तर मधली बाजू गडदच राहते, ती वेगळी करून हवा लागू द्या.

हिरवा रंग मात्र वेगळी भानगड. कापलेल्या भागावर उजेडात तिरकं बघितलं की हिरवट-जांभळी-सोनेरी झाक हलताना दिसते, ती मांसाच्या धाग्यांवरून उजेड फाकल्यामुळे येते, तुकडा फिरवला की ती जागा बदलते, तिचं काही वाटून घेऊ नका. पण तुकडा कसाही फिरवला तरी तिथेच राहणारा हिरवट किंवा राखाडी-हिरवा डाग असेल, चरबीच्या कडेला किंवा पाण्यातसुद्धा हिरवटपणा असेल, तर ते जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे असू शकतं. असं मांस टाकायचं. ज्या बीफचा पीएच मुळातच जास्त (म्हणजे आम्लपणा कमी) असतो, म्हणजे कापण्याआधी जनावर दमलेलं किंवा घाबरलेलं असतं तेव्हा जे गडद, कोरडं, घट्ट मांस मिळतं, त्यात हा प्रकार लवकर होतो कारण आम्लाचा पहारा तिथे कमी पडतो.

आणि उलट बाजू पण ऐका, लालभडक आहे म्हणून ताजं असंही नाही. काही देशांत पॅकिंगमध्ये थोडा कार्बन मोनॉक्साइड वापरतात, त्यामुळे मांस किंवा ट्यूना आतून गेलं तरी वरून लालच राहतं. चिकनचा रंग तर मुळातच फिका, त्यावरून फार काही कळत नाही, फक्त राखाडी, हिरवट झालेलं असेल तर कळतं.

फोडायचं कसं आणि वास घ्यायचा कसा

हा भाग नीट करा, कारण सगळी गडबड इथेच होते. पॅकेट सिंकमध्ये धरून फोडा, वेगळी कात्री वापरा, पाणी हळूच वाहून जाऊ द्या, शिंतोडे उडवू नका. फोडताच नाक जवळ नेऊ नका. कित्येक दिवस बंद खोलीत कोंडलेली हवा दार उघडल्यावर अंगावर येते तसाच तो पहिला भपकारा असतो, त्यात कोंडलेलं आम्ल, थोडा गंधक, प्लास्टिक असं सगळं मिसळलेलं असतं. मांस बाहेर काढून स्वच्छ ताटलीत ठेवा, टिश्यू पेपरने चहूबाजूंनी टिपून कोरडं करा, मोठे तुकडे असतील तर वेगवेगळे पसरा, आणि रिकामी पिशवी, तिच्यातलं पाणी, वापरलेले टिश्यू हे सगळं लगेच स्वयंपाकघराच्या बाहेर. ही पिशवीच सगळ्यात जास्त वास मारते आणि लोक तिचा वास मटणाच्या नावावर टाकतात.

आता २० ते ३० मिनिटं थांबा. ताटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उघडी ठेवली तरी चालेल, फक्त दुसऱ्या अन्नाला लागणार नाही अशी. तेवढ्यात हात साबणाने धुवा, सिंक पुसा, खिडकी उघडा, जरा बाहेर जाऊन या. हे बाहेर जाणं महत्त्वाचं, कारण एखाद्या वासात पाच-दहा मिनिटं उभं राहिलं की नाक त्याची दखल घेणं बंद करतं आणि मग तुम्हाला काहीच वास येत नाही, तुम्ही म्हणता गेला वास, शेजारचा माणूस म्हणतो केवढा येतोय.

मग पुन्हा वास घ्या, यावेळी अगदी जवळून. एकदम थंड मांसाचा वास कमी येतो म्हणून फ्रीजमधून काढून चार-पाच मिनिटं थांबून घ्या. हाडाजवळ, घडीत, चरबी आणि मांसाच्या सांध्यात, चिकनच्या पंखाखाली आणि मांडीच्या खोबणीत हुंगा, कारण खराबी तिथून सुरू होते. मोठ्या तुकड्यात हाड असेल तर स्वच्छ सुरीचं टोक हाडाला लागून आत घाला, बाहेर काढा आणि त्या टोकाचा वास घ्या. वर सगळं चांगलं आणि हाडाशी आंबलेलं असं होऊ शकतं, विशेषतः तुकडा जाड असेल आणि सुरुवातीला नीट थंड झाला नसेल तर. सर्दी झाली असेल किंवा वास कमी येत असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी बोलवा, आणि त्याला आधी तुमचं मत सांगू नका, नुसतं "बघ गं जरा" एवढंच म्हणा.

कुठला वास चालेल? हलका आंबूस, दह्यासारखा किंवा जरासा चीजसारखा, लोखंडासारखा, रक्ताचा, कच्च्या मटणाचा नेहमीचा वशट वास. बरेच आठवडे व्हॅक्यूममध्ये मुरवलेल्या बीफला हा आंबूस-लोखंडी वास जास्तच असतो आणि तो तसाच असायला हवा. फोडताना हलका अंड्यासारखा वास येणं, विशेषतः चिकनला, हेसुद्धा होतं आणि चांगल्या पॅकेटमध्ये तो या अर्ध्या तासात विरून जातो.

कुठला चालणार नाही? कुजक्या अंड्याचा वास जो अर्ध्या तासानंतरही तिथेच आहे. गटारासारखा, अमोनियासारखा डोळ्यात जाणारा, गोडसर-कुजका, ओकारीसारखा आंबट उग्र. चरबीला जुन्या तेलासारखा खवट वास. यातलं काहीही दुसऱ्या वेळीही आलं तर वाद नको. आणि वास कमी होतोय पण जात नाहीये, मन चाचपडतंय, तर तारीख आणि थंडीचा हिशोब परत बघा, तिथे जराही खोट असेल तर टाकायचं, दोन्ही पक्कं असेल तर अजून १५ मिनिटं द्या, त्याच्यापुढे नाही.

धुण्याबद्दल. बरेच जण वास आला की मटण नळाखाली धरतात, मग मीठ, हळद, लिंबू, व्हिनेगर, आणि वास गेला की म्हणतात झालं चांगलं. वरचा वास जातो, खराब झालेलं मांस तसंच राहतं. वर धुताना उडणारे शिंतोडे सिंक, ओटा, शेजारच्या भाजीवर जंतू पोचवतात, म्हणून अन्नसुरक्षेवाले कच्चं मांस धुऊ नका असंच सांगतात, टिपून घ्या म्हणतात. सवय मोडवत नसेल तरी निदान वासाची परीक्षा धुण्याच्या आधी उरका. आणि चाखून बघायचं कधीच नाही, कच्चं तर नाहीच, एक तुकडा शिजवून "चव बघू" पण नाही.

हात लावून बघा

व्हॅक्यूममधलं मांस ओलंच असतं, त्यामुळे फोडल्या फोडल्या बुळबुळीत लागतं आणि त्याला काही अर्थ नाही. टिपून कोरडं केल्यावर बोट फिरवा. चांगलं मांस ओलसर पण घट्ट लागतं, दाबलं तर परत वर येतं. टिपल्यानंतरही चिकट थर बोटाला लागत असेल, बोट उचलल्यावर तार निघत असेल, टिपला तरी थोड्या वेळात थर परत येत असेल तर गेलं. चिकनची कातडी मुळातच जरा गुळगुळीत असते, म्हणून चिकनला कातडीखालच्या मांसावर हात लावून बघा. मऊ पडून बोटाचा खड्डा तसाच राहणं हे एकटं पुरेसं कारण नाही, फ्रीझ करून काढलेलं मांस मऊ लागतंच, पण वासासोबत ते आलं तर शंका उरत नाही.

सगळ्या मांसाला एक माप नको

बीफ किंवा मटणाचा अख्खा तुकडा सगळ्यात दमदार. पोर्क त्याच्या खालोखाल. चिकन लवकर जातं, कारण त्याच्या पायाच्या गडद मांसाचा आणि कातडीचा पीएच जास्त असतो आणि आम्लाचा पहारा तिथे ढिला, म्हणून चिकनला अर्ध्या तासाच्या वर सवलत देऊ नका. खिमा म्हणजे सगळा पृष्ठभागच, वरचे जंतू दळताना आतपर्यंत मिसळलेले, त्यामुळे खिम्याच्या तारखेत एक दिवसाचीही ओढाताण नको. कलेजीत साखर जास्त, ती पटकन आंबते, तिचा आंबट वास तीव्र झाला की ठेवू नका.

मॅरिनेट केलेलं पॅकेट हा सगळ्यात अवघड प्रकार, मसाला, आलं-लसूण, आंबट यात नाकाला काही कळत नाही, रंग दिसत नाही, हात लावून उपयोग नाही. तिथे फक्त तारीख, थंडी आणि पॅकेट फुगलंय का, एवढ्यावरच निर्णय. यापैकी एकात जरी गडबड असली तरी मी घेणार नाही.

मासे या सगळ्यापेक्षा वेगळे आणि इथे कान उघडे ठेवा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचा एक प्रकार माशात आढळतो, तो हवा नसताना वाढतो, आणि ३ डिग्रीच्या जरासं वरसुद्धा वाढू शकतो, म्हणजे साध्या फ्रीजच्या तापमानात. तो विष तयार करतो आणि हा प्रकार वास, रंग काहीच बिघडवत नाही, त्यामुळे नाकाची परीक्षा इथे फसते. म्हणून फ्रोझन व्हॅक्यूम पॅक मासा डिफ्रॉस्ट करायच्या आधी पॅकेट फोडायचं किंवा निदान कापून हवा लागू द्यायची, आणि फ्रीजमध्येच वितळवायचा. बऱ्याच पॅकेटांवर हे लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात, कोणी वाचत नाही.

वास चांगला असूनही जे राहतं

हे नीट लक्षात घ्या, नासवणारे जंतू आणि आजारी पाडणारे जंतू हे वेगवेगळे असतात. सालमोनेला, लिस्टेरिया, ई कोलाय हे मांसात असले तरी वास येत नाही. लिस्टेरिया तर फ्रीजच्या थंडीत आणि हवेशिवायही हळूहळू वाढतो. म्हणजे वासाची परीक्षा पास झाली याचा अर्थ एवढाच की मांस नासलेलं नाही, पुढचं काम तुमच्या आचेवर आहे. चिकन आतून ७४ डिग्री, खिमा ७१, बीफ-मटण-पोर्कचे अख्खे तुकडे ६३ डिग्री आणि वर ३ मिनिटं विश्रांती, हे आकडे थर्मामीटर जाड भागात, हाडाला न टेकवता घालून बघायचे.

आणि "कडक शिजवलं की सगळं मरतं" यावर विसंबून गेलेलं मांस वाचवायला जाऊ नका. जंतू मरतात, पण स्टॅफिलोकोकससारखे काही जंतू आधीच जे विष सोडून गेलेले असतात ते उकळूनही जात नाही.

फ्रीझरमधलं पॅकेट

उणे १८ डिग्रीला जंतू थांबतात, मरत नाहीत. म्हणजे फ्रीझ करताना जे जसं होतं तसंच वितळल्यावर मिळतं, शेवटच्या दिवशी टाकलेलं मटण शेवटच्या दिवसाचंच बाहेर येतं. वितळवायचं फ्रीजमध्ये, मोठ्या तुकड्याला दोन-अडीच किलोमागे साधारण एक दिवस धरा, घाई असेल तर (मासा सोडून) पॅकेटसकट थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत, आणि मग लगेच शिजवायचं. पांढरट कोरडे डाग दिसले तर ती थंडीने सुकलेली जागा, धोका नाही, चव मात्र कोरडी लागते, कापून टाका. पॅकेटमध्ये बर्फाचा मोठा खडा एका कोपऱ्यात जमलेला असेल तर ते मध्ये कधीतरी वितळून परत गोठलं असण्याची शक्यता आहे, तिथे जरा जास्त बारकाईने बघा.

चांगलं निघालं, आता पुढे

पॅक एकदा फोडला की ते साधं ताजं मांस झालं. लेबलवर "उघडल्यावर इतक्या दिवसांत" असं असेल तर तेच पाळा, नसेल तर चिकन आणि खिमा एक-दोन दिवसांत, मोठे तुकडे तीन ते पाच दिवसांत संपवा. घरच्या मशीनने परत व्हॅक्यूम केलं म्हणून तारीख नव्याने सुरू होत नाही, हा गैरसमज फार पसरलाय. आणि जे लोक पॅकेटसकट पाण्यात कमी आचेवर तासन्‌तास शिजवतात त्यांनी तर दुकानाचं पॅकेट तसंच बुडवूच नये, आधी फोडा, वरची सगळी परीक्षा करा, मग नवीन पिशवीत भरून घाला, कारण बंद पिशवीत काय गेलंय हे तुम्हाला शिजून झाल्यावरच कळेल.

खराब निघालं तर पिशवीतल्या पिशवीत बांधून टाका, ताटली, कात्री, सुरी, सिंक, नळाची मूठ, फ्रीजचं हँडल साबणाने धुवा. तारीख बाकी असताना पॅकेट फुगलेलं किंवा गळकं निघालं असेल तर टाकायच्या आधी लेबलचा, बॅच नंबरचा आणि पॅकेटच्या आकाराचा फोटो काढा, बिल सोबत ठेवा आणि दुकानात दाखवा, कारण त्याच बॅचची बाकीची पॅकेटं अजून त्यांच्या फ्रीजमध्ये पडलेली असू शकतात.